ॲम्बॅसेडर आणि कॉन्टेसाचं इंजिन: ठेवायचं, बांधायचं की बदलायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी ॲम्बॅसेडर किंवा कॉन्टेसा पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. दोन्ही गाड्या हिंदुस्तान मोटर्सच्या, जड पत्र्याच्या आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या. दोन्हींत कंपनीने वेगवेगळ्या काळात वेगवेगळी इंजिनं बसवली. त्यामुळे पर्याय भरपूर आहेत आणि चुकायच्या वाटाही तितक्याच.

गाडी घाटात अगदी दम टाकते. मोठं इंजिन घातलं की प्रश्न सुटेल ना?

सुटेलही, पण आधी हिशेब करू. ॲम्बॅसेडर रिकामी सुमारे 1,100 ते 1,200 किलो. पाच माणसं आणि डिकीतलं सामान धरून 1,500 च्या वर जाते. बारास एक चढावर ताशी 40 किमीचा वेग टिकवायला चाकांवर साधारण 23 अश्वशक्ती लागतात. यात वजन वर ओढणं, टायरचं घर्षण आणि हवेचा थोडा विरोध धरला आहे. धडधाकट 1489 सीसी पेट्रोल इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये 2,200–2,300 आरपीएमला साधारण 32 अश्वशक्ती देतं. गिअरबॉक्स आणि हौसिंगमधला (मागच्या ॲक्सलवरचं डिफरन्शियल) तोटा वजा केला तर चाकांपर्यंत 27 पोचतात. म्हणजे जेमतेम पुरतं. आता तेच इंजिन झिजून पाव ताकद गमावून बसलं असेल, तर चाकांवर 20 च्या आसपासच उरतात आणि दुसरा गिअर टाकावा लागतो.

मुद्दा असा की घाटात रखडणाऱ्या बहुतेक गाड्यांचं इंजिन लहान नसतं, थकलेलं असतं. म्हणून पैसे मोजण्याआधी इंजिन मोजा.

मोजायचं म्हणजे नक्की काय तपासायचं?

पहिली तपासणी फुकट आहे. एकाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून कार्ब्युरेटरची पाकळी पूर्ण उघडते का ते बघा. ढिली लिंकेज आणि पेडलखाली घुसलेली जाड मॅट यांनी कित्येक इंजिनांना बदनाम केलंय. मग चारही चाकं उचलून हाताने फिरवा, ब्रेक धरत असेल तर लगेच कळतं. डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स अडकलेला नाही ना, सायलेन्सर आतून चोंदलेला नाही ना आणि चढावर क्लच घसरत नाही ना, हेही पाहून घ्या.

त्यानंतर कॉम्प्रेशन. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे सात-आठ फेरे द्या. पेट्रोल 1489 मध्ये 130 च्या वर पीएसआय आणि चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असतील तर खालचं इंजिन ठीक समजा. कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) गेलेत. तिथेच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. शेजारशेजारची दोन सिलिंडरं एकदम पडली असतील, तर त्यांच्यामधलं गॅस्केट जळलंय.

ऑइलचा दाब डॅशबोर्डच्या दिव्यावर सोडू नका, तात्पुरतं गेज लावा. गरम इंजिनाला धावताना 40 पीएसआयच्या वर आणि आयडलला 15 च्या आसपास दाब हवा. तेवढा नसेल तर क्रँकच्या बेअरिंगपासून सुरुवात.

कोणकोणती इंजिनं विचारात घ्यावीत?

कंपनीने याच गाड्यांत बसवलेली चार. पहिलं बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) 1489 सीसी पेट्रोल: 73 मिमी बोअर, 88.9 मिमी स्ट्रोक, तीन मेन बेअरिंग, पन्नासेक अश्वशक्ती. दुसरं त्याच घराण्यातलं 1489 डिझेल, चाळिशीच्याही आत. तिसरं जपानी इसुझू कंपनीचं 1817 सीसी पेट्रोल: 84 गुणिले 82 मिमी, ॲल्युमिनियम हेड, वर कॅमशाफ्ट, टायमिंग चेन, ॲम्बॅसेडरमध्ये सुमारे 75 अश्वशक्ती. चौथं इसुझूचं 1995 सीसी डिझेल, पन्नाशीच्या थोडं पुढे.

या चारांबाहेर जे काही आहे त्याला आम्ही अपग्रेड म्हणत नाही. तो नवी गाडी बांधण्याचा प्रकल्प झाला. त्याबद्दल पुढे बोलू.

1489 पेट्रोलच चांगलं बांधायचं ठरवलं तर काय काय करून घ्यावं?

गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल आणि वापर रविवारपुरता असेल, तर आमचा पहिला सल्ला हाच.

ब्लॉक पूर्ण उघडून उकळून धुवून घ्या. वॉटर जॅकेटमध्ये, विशेषतः चौथ्या सिलिंडरमागे, गंजाचा गाळ दगडासारखा बसलेला असतो. वेल्च प्लग (ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) काढल्याशिवाय तो निघत नाही. जुने प्लग पुन्हा ठोकून बसवू नका, सगळे नवे घाला.

बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायला सांगा. पिस्टन हातात आल्यावरच बोअरिंग करायचं. ‘अमुक साइज करून ठेवतो, पिस्टन आणा’ म्हणणाऱ्या लेथवाल्याला थांबवा. पिस्टन बनवणारा किती क्लिअरन्स सांगतो त्यावर शेवटचं होनिंग ठरतं. याआधीच शेवटच्या ओव्हरसाइजपर्यंत गेलेल्या ब्लॉकला लायनर मारून पुन्हा स्टँडर्ड साइजवर आणता येतो. रिंगांची गॅप या बोअरला साधारण 0.25 ते 0.33 मिमी ठेवा. रिंग पिस्टनने खाली ढकलून, बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने मोजायची. डब्यातून काढली आणि घातली असं चालत नाही.

क्रँक घासला की अंडरसाइज बेअरिंग आलीच. पण क्रँक, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करून घ्यायला लोक विसरतात. तीनच मेन बेअरिंगांवर उभ्या या क्रँकला 3,500 च्या पुढे त्या बॅलन्सिंगचा फरक जाणवतो. सीटवर बसलेल्यालाही.

हेडसाठी एक काम सक्तीचं समजा: एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक धातूच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कड्या. ही हेडं शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातली आहेत. शिसं सीटवर पातळ थर धरायचं. भारतात 2000 साली ते पेट्रोल बंद झालं. आता महामार्गावर सलग 80 ने चालवलं की ओतीव लोखंडाची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची गॅप मिटत जाते आणि व्हॉल्व्ह जळतो. दर दोन हजार किमीला टॅपेट घट्ट झालेले सापडत असतील तर कारण हेच. टॅपेट गॅप 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिमी. ‘आवाज येतो’ म्हणून ती कमी करणाऱ्याच्या हाती स्पॅनर देऊ नये.

आणि मागून टपकणारं ऑइल. क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही, ऑइल परत आत खेचणारी आट्यांची खाच आहे. क्रँककेसमध्ये दाब वाढला की ती हरते. आधी ब्रीदरचा पाइप साफ करा. थोडं टपकणं मात्र तिच्या जन्मापासूनचं आहे.

त्यातच मोठा बोअर, रेसिंग कॅम, दोन कार्ब्युरेटर?

जड गाडीत कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बदलणं बहुधा तोट्याचंच. रेसिंग कॅम 4,000 आरपीएमच्या पुढची ताकद वाढवतो आणि 2,000 ची घालवतो, तर ही गाडी चालते 1,800 ते 3,000 मध्ये. बीएमसीच्या याच घराण्यात 76.2 मिमी बोअरचं 1622 सीसी इंजिन होतं. त्यावरून 1489 चा ब्लॉक तीन मिमी पोखरायची कल्पना सुचते. पण भिंतीची जाडी अल्ट्रासाउंडने मोजल्याशिवाय तसं केलं तर बोअरमध्ये पाणी यायची तयारी ठेवा. पैसे घालायचेच असतील तर हेडचे पोर्ट गॅस्केटशी जुळवून घ्या आणि चांगला एक्झॉस्ट पाइप लावा.

इसुझू 1.8 बसवायला सोपं आहे असं ऐकलं. खरंच?

इंजिन सोपं आहे. त्याच्यामागचं सगळं मोजावं लागतं. हे इंजिन बीएमसीच्या बेलहौसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) जुळत नाही. ॲडाप्टर प्लेट बनवून जुनाच गिअरबॉक्स ठेवायचा मोह होतो. पण प्लेटचं केंद्र क्रँकच्या केंद्रापासून 0.13 मिमीपेक्षा जास्त सरकलं, की इनपुट शाफ्टचं बेअरिंग आणि क्लचप्लेटची हब खायला लागते. शिवाय जुन्या चार गिअरच्या बॉक्सवर दीडपट ताकद येते ती वेगळीच. म्हणून इंजिन, बेलहौसिंग आणि पाच गिअरचा बॉक्स एकाच गाडीतून एकत्र घ्या. शक्य असेल तर पूर्ण डोनर गाडीच, म्हणजे भाग काढायला जुनी गाडीच, घ्या.

डोनरमधून काय उचलायचं: इंजिन फाउंडेशन आणि त्यांचे ब्रॅकेट, गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर, जॉइंटसकट प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर आणि त्याचे होजपाइप, ॲक्सिलरेटर केबल, क्लचची पूर्ण लिंकेज, पुढचा एक्झॉस्ट पाइप, अल्टरनेटर आणि त्याची वायरिंग, स्पीडोमीटर केबल. भंगारात इंजिन स्वस्त मिळतं. मग हे सगळे तुकडे एकेक करून शोधताना सहा महिने जातात. कोलकात्याचा मल्लिक बाजार आणि मुंबईचं कुर्ला इथे सुटे भाग मिळतात, पण ब्रॅकेट शोधायला जाताना फोटो आणि मापं घेऊनच जा.

स्टीअरिंग कॉलमवरच्या गिअरची जुनी गाडी असेल तर फ्लोअर गिअरसाठी बोगदा कापावा लागतो. हे काम परत फिरवता येत नाही, हे कापण्याआधी लक्षात घ्या.

बसवताना आधी टॅक मारा, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके द्या. बोनेट, रेडिएटर आणि स्टीअरिंग जागेवर ठेवून सगळं तपासा आणि मगच पक्कं वेल्डिंग करा. संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि क्रॉस मेंबरमध्ये किमान 15 मिमी, फॅन आणि रेडिएटरमध्ये 20 ते 25 मिमी अंतर हवं. गिअरबॉक्सची मागची फ्लँज आणि हौसिंगची पिनियन फ्लँज एकमेकींना समांतर हव्यात, फरक एका अंशाच्या आत. गाडी चाकांवर उभी असताना कोनमापक लावून मोजा, जॅकवर असताना नाही. 60–70 ला घुमणारा आवाज आणि थरथर आली की लोक टायर बॅलन्स करत बसतात. दोष बहुधा या कोनात किंवा लांबी बदलूनही बॅलन्स न केलेल्या प्रोपेलर शाफ्टमध्ये असतो.

इंजिनापासून चेसिसला जाड अर्थ पट्टी लावा. रबरी फाउंडेशनवर बसलेल्या इंजिनाला ती नसेल, तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटर केबलमधून वाट काढतो. केबल तापून आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि ॲक्सिलरेटर अडकतो. डायनॅमो असलेल्या जुन्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ असू शकतं. अल्टरनेटर लावण्याआधी बॅटरीची दिशा बदला, नाहीतर पहिल्याच क्षणी डायोड जातील.

डिझेल घालावं का?

रोज 60–70 किमी फिरणार असाल तर 2.0 डिझेलचा विचार करा, हौसेसाठी नको. ते शांतपणे ओढतं, पण पेट्रोलसारखं पळत नाही. 1489 डिझेलचा 23:1 कॉम्प्रेशनचा आवाज कानांना आणि दातांना सारखाच लागतो. मूळ गाडीत तेच असेल तर ठेवा, नव्याने बसवू नका.

पेट्रोल गाडीत डिझेल घालताना तीन गोष्टी हमखास राहतात. टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन. ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप, कारण डिझेलला थ्रॉटल नसल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही. आणि ग्लो प्लगना पुरेल अशी मोठी बॅटरी. 2.0 डिझेलला टायमिंग बेल्ट आहे. जुन्या इंजिनाचा बेल्ट, टेन्शनरसकट, सुरू करण्याआधीच बदला. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

दिल्ली आणि राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत. तिकडे राहणाऱ्यांनी हा पर्याय सोडून द्यावा.

एखाद्या परदेशी गाडीचं सहा सिलिंडर इंजिन?

कॉन्टेसाच्या लांब बॉनेटखाली जागा दिसते म्हणून हा प्रश्न येतो. दुप्पट-तिप्पट ताकदीला हौसिंग, ॲक्सल, ब्रेक, चेसिसचे जोड आणि कूलिंग सगळंच नवीन लागतं. वर कागद कधीच जुळत नाहीत. दाखवायची गाडी करायची असेल तर करा. रिस्टोरेशन म्हणू नका.

हौसिंगचं गुणोत्तर बदलून काही मिळतं का?

सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात फायद्याचा भाग. अनेक ॲम्बॅसेडरमध्ये क्राऊन-पिनियन 41 आणि 9 दातांचं, म्हणजे 4.55 असतं. 15 इंची मूळ टायरवर टॉप गिअरमध्ये ताशी 80 ला इंजिन सुमारे 3,000 आरपीएमने फिरतं. तेच हौसिंग ठेवून पाचवा गिअर 0.85 चा मिळाला तर साडेपंचवीसशेवर येतं. आवाज, ताप आणि ऑइल खाणं, तिन्ही कमी.

आपलं गुणोत्तर मोजायचं असेल तर: गाडी न्यूट्रलमध्ये, पुढची चाकं दगड लावून अडवलेली. मागचं एकच चाक उचलून स्टँडवर ठेवा आणि ते बरोबर दोन फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. साडेचारपेक्षा किंचित जास्त आले तर 4.55. इंजिन एका गाडीचं आणि हौसिंग दुसऱ्या काळातलं असेल तर हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. टायर छोटे घालून गाडी ‘पिकअपला छान’ झाल्याचा भास होतो, तोही याच हिशेबातला.

ब्रेक आणि सस्पेन्शनला हात लावावा लागेल?

60 ऐवजी 80 ने जाणारी तीच गाडी थांबवायला पावणेदोन पट ऊर्जा जिरवावी लागते. चार ड्रम, बूस्टर नाही, अशा गाडीत इसुझू घालून तसंच रस्त्यावर आणणं हा गुन्हाच. नंतरच्या ॲम्बॅसेडरमधले डिस्क आणि बूस्टर, मास्टर सिलिंडरसकट पूर्ण सेट म्हणून बसवा. डिस्क एका गाडीची आणि मास्टर सिलिंडर ड्रमवाला असं करू नका. डिस्कच्या पॅडांवर दाब अडकून राहतो आणि पुढची चाकं तापतात.

ॲम्बॅसेडरला पुढे टॉर्शन बार आहेत. पुढचं वजन बदललं की उंची पुन्हा सेट करा आणि त्यानंतरच अलाइनमेंट.

गाडी तापते. थर्मोस्टॅट काढून टाकू का?

नाही. थर्मोस्टॅट नसेल तर पाणी घाईने फिरतं, इंजिन सकाळी थंडच राहतं, ऑइल पातळ होत नाही आणि बोअर झिजतात. 82 अंशांचा चालू थर्मोस्टॅट घाला. पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत गरम करून तो उघडतो का ते पाहता येतं. रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्या उघडून नळ्या सळईने साफ करून घ्या. फॅनभोवती श्राउड बसवा, कॅपची रबर पाहा. इसुझूच्या ॲल्युमिनियम हेडला नुसतं नळाचं पाणी चालत नाही, निम्मं कुलंट हवंच. एकदा उकळलेलं हेड सरळ पट्टी ठेवून तपासा. पट्टीखाली 0.05 मिमीचा गेज जात असेल तर फेसिंग.

ई20 पेट्रोलचं काय?

ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आता बहुतेक पंपांवर हेच मिळतं आणि जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुने रबरी पाइप, फ्युएल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गॅस्केट फुगवतं किंवा चिरतं. इथेनॉल चालणारे पाइप घाला, पडदा बदला. टाकीच्या आतला गंज इथेनॉल सोडवतं, म्हणून पहिले दोन महिने फिल्टर वरचेवर बदला. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. प्लगचं टोक पांढरं पडत असेल तर कार्ब्युरेटरचा जेट एक साइज मोठा करा. महिनोन्महिने उभी राहणारी गाडी टाकी भरून ठेवा; रिकाम्या टाकीतल्या ओलसर हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं.

आरटीओत काय करावं लागतं?

मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचे तपशील आणि गाडी जुळली पाहिजेत. न जुळणारा बदल केला तर कलम 182अ खाली प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आपल्या आरटीओत लेखी अर्ज, मग इंजिन खरेदी, मग बसवणं. उलट केलं तर अडकाल. इंजिनाचं बिल, डोनर गाडीच्या आरसीची प्रत, इंजिन नंबरचा पेन्सिल प्रिंट, विमा आणि पीयूसी जवळ ठेवा. नंबर घासलेलं किंवा पुन्हा ठोकलेलं इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका. विमा कंपनीलाही बदल कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडतो.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 2021 पासून केंद्राची वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार केला तर ती वाट बंद. 1960 च्या दशकातली मार्क 1 किंवा मार्क 2 हाताशी असेल तर इसुझूचा विचारही करू नका.

कॉन्टेसाला वेगळं काही?

1984 मध्ये ती याच 1489 सीसी इंजिनावर आली आणि त्या देहाला ते कधीच पुरलं नाही. इथे मात्र इसुझू 1.8 हाच खरा पर्याय. तो कंपनीनेच नंतर दिला आणि 2002 पर्यंत गाडी त्यावर चालली. पुढे डिस्क ब्रेक आधीपासून आहेत, त्यामुळे ॲम्बॅसेडरपेक्षा काम कमी.

नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्यांदा कसं सुरू करायचं?

प्लग काढून, ऑइल गेज हलेपर्यंत सेल्फ मारा. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर सुरू होताच इंजिन 2,000 आरपीएमच्या आसपास 20 मिनिटं ठेवा. आयडलला नाही, तिथे कॅमवर ऑइल कमी उडतं. ऑइल खनिज 20डब्ल्यू-50, झिंक भरपूर असलेलं. 500 किमीला ऑइल-फिल्टर बदला, हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा टॉर्कला आणा, टॅपेट तपासा. पहिले 1,000 किमी एकाच वेगाने तासन्तास चालवू नका. अधूनमधून ॲक्सिलरेटर दाबा, सोडा. रिंगा अशाच बसतात.

काढलेलं मूळ इंजिन विकून टाकू का?

नको. त्याचा नंबर गाडीसोबत राहिला पाहिजे. पाणी पूर्ण काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये मोठा चमचाभर ऑइल टाकून क्रँक चार फेरे फिरवा, प्लग परत लावा, सगळी तोंडं चिंधीने बंद करा आणि लाकडी पाळण्यावर सरळ उभं ठेवा. दर पावसाळ्याआधी क्रँक अर्धा फेरा फिरवा. फ्लायव्हीलवर ग्रीसचा हात मारायला विसरू नका, कोकणात तर नक्कीच.